भिंतीकडची ती जागा रिकामी नाहीये

सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, संपल्यावर बोर्डावरची नोटीस वाचली तेव्हापासून डोकं फिरलंय. दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगतची पट्टी सपाट करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवणार, गाड्या लावायला. नोटिशीतले शब्द, 'वापरात नसलेली जागा'. घरी येऊन पॅरिशचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, ग्रुप उघडला तर अंगठ्यांची रांग, 'खूप दिवसांची गरज होती', 'अभिनंदन फादर', आणि एकाने लिहिलंय, तिथे तसंही कोणी नाहीये.

कोणी नाहीये कसं? माझ्या आजीचा पहिला मुलगा आहे तिथे.

सकाळी जन्मला आणि दिवस मावळायच्या आत गेला. डोक्यावर पाणी ओतून चर्चमध्ये घेतात तो बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून आतल्या रांगांमध्ये जागा मिळाली नाही. आजोबा आणि शेजारचा एक माणूस, दोघांनीच अंधार पडताना भिंतीजवळ खड्डा खणला, हातभर. ना फादर आले, ना घंटा वाजली. आजी खाटेवर बाळंतीण. तिला ती जागा आजोबांनी नंतर कधीतरी नुसती बोटाने दाखवली.

आणि हे काही आमच्याच घराचं दुर्दैव नव्हतं, नियमच होता तसा. १९१७चा कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, सरळ सांगायचा की बाप्तिस्मा न झालेल्याला चर्चचं दफन नाही, अशांसाठी जमलं तर वेगळी जागा ठेवा. जाणूनबुजून जीव दिलेल्यांनाही तोच नियम. म्हणजे त्या पट्टीत बाळंच असतील असंही नाही. आयर्लंडमध्ये अशा जागांना किलीनी म्हणतात, शेताच्या कडेला, पडक्या भिंतींच्या आत, बाप रात्री पोर घेऊन जायचा आणि वर खूण म्हणून एखादा साधा दगड. तिथल्या लोकांनी आता अशा कितीतरी जागा शोधून काढल्या, फादरना बोलावून आशीर्वाद दिला, स्मारकाचे दगड लावले. आणि आपण काय करणार, तर पेव्हर ब्लॉक.

नियम बदलला हो. १९८३च्या कॅनन लॉमध्ये स्पष्ट आहे, आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती आणि मूल त्याआधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी करता येतो. जीव दिलेल्यांवरची बंदीही त्यातून गेली. २००७मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहिलं की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची, म्हणजे ती देवाकडे जातील याची, आशा धरायला भक्कम कारणं आहेत. एवढं सगळं झालं, पण भिंतीकडे जाऊन कोणी एक प्रार्थना म्हटली का? नियम पुढे गेला आणि ती माणसं जिथे होती तिथेच राहिली.

माझी आजी मात्र जायची. दर २ नोव्हेंबरला घरातल्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या, फुलं वाहून झाली की ती एक मेणबत्ती पदरात धरून मागे निघायची आणि आम्ही पोरं तिच्या मागे. तिथे गुडघाभर गवत. ती भिंत बघत बघत चालायची, एका चिऱ्याचा खालचा कोपरा उडालेला होता, तिथे थांबायची, भिंतीला पाठ लावून दोन पावलं टाकायची आणि खाली बसायची. हाताने गवत बाजूला करून मातीत मेणबत्ती खोचायची. वाऱ्याने विझली की परत पेटवायची, परत विझली की परत. आई म्हणायची, चला ना आता, उशीर होतोय. ती ऐकायची नाही.

ही तुमची वापरात नसलेली जागा.

आता कोणीतरी म्हणणार, गाड्या रस्त्यावर लागतात, म्हाताऱ्यांना लांबून चालत यावं लागतं, पावसात तर फारच हाल. हो, खरं आहे. माझ्या आईलाही चालवत नाही. पण पुढच्या मैदानाचा विचार का होत नाही? तिथे वर्षातून एकदा स्टेज बांधायचं असतं म्हणून ते मोकळं ठेवायचं आणि मेलेल्यांच्या अंगावर गाड्या चढवायच्या?

आणि निगा म्हणाल तर आपली सगळी निगा फक्त आपापल्या चौकटीपुरती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बघा, काय गर्दी असते. जो तो आपलं ग्रॅनाइट घासतोय, संगमरवरावर लोक चक्क ॲसिड ओततात, संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीच, ॲसिडने मळाबरोबर दगडही विरघळतो आणि पुढची पिढी नाव वाचायला जाते तेव्हा अक्षरं गेलेली असतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. बरं ते असो. मला खरा राग येतो तो उपटलेल्या गवताचा. आपल्या कबरीवरचं गवत उपटायचं आणि कुठे टाकायचं, तर शेजारच्या कबरीवर, जिच्याकडे कोणी येत नाही तिच्यावर! जुने हार, प्लॅस्टिक, मेणबत्त्यांचे डबे, सगळं तिकडे. मी हे चांगल्या चांगल्या, रोज मिस्साला येणाऱ्या माणसांना करताना बघितलंय.

अरे, २ नोव्हेंबर हा दिवस आहे कशाचा? सर्व मृतांचा. हजारेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपती ओडिलोने आपल्या हाताखालच्या मठांत तो सुरू केला तोच मुळी सगळ्या मेलेल्यांसाठी, ज्यांचं नाव घ्यायला मागे कोणी उरलं नाही त्यांच्यासकट. ज्याला मुलं-नातवंडं आहेत त्याची कबर ती बघतील. पॅरिशने बघायची ती ज्याला कोणी नाही त्याची, आणि तीही सगळ्यात आधी. माझं म्हणणं एवढंच आहे आणि यात वाद घालण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळत नाही.

फादरांवर माझा राग नाही, हेही लिहून टाकते. ते नवीन आहेत, एकटा माणूस किती ठिकाणी बघणार, त्यांना त्या पट्टीत कोण आहे हे सांगितलंय कोणी? आपल्यापैकीच कोणी सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं ती पिढी गप्प राहिली, कारण त्यांना गप्प राहायलाच शिकवलं होतं. आजी घरातसुद्धा या मुलाबद्दल बोलायची नाही. त्याचं नावही ठेवलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात मात्र तिचं एकच सुरू होतं, सुईणीने पाणी घातलं असेल का गं? कारण मूल जात असेल तर फादर लागत नाहीत, कोणीही डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणाले तरी तो बाप्तिस्माच असतो, हे तिला फार उशिरा कुणाकडून तरी कळलं होतं. सुईण तर केव्हाच गेलेली. मी म्हणायचे, घातलं असेल आजी, नक्की घातलं असेल. ती माझ्याकडे बघायची आणि थोड्या वेळाने परत तेच विचारायची.

हे टाइप करताना रडू येतंय, जाऊ दे.

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलची मीटिंग आहे, मी जाणार आहे. मृतांचं जुनं रजिस्टर उघडा म्हणणार, आणि त्यात या मुलांची नोंद नसेल, नसणारच बहुतेक, तर घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा, त्यांना भिंतीतला चिरा न् चिरा माहीत असतो, आणि हे ते आहेत तोवरच करायचं. तोपर्यंत एक ब्लॉक बसता कामा नये. फादरांनी त्या पट्टीवर पवित्र पाणी शिंपडावं, एक क्रूस उभा करावा, नावं नसली तरी चालेल. आणि गवत पॅरिशच्या पैशाने कापावं, दर महिन्याला, फक्त नोव्हेंबरपुरतं नाही. क्रूसाचा खर्च आमचं घर देईल, तो प्रश्नच नाही.

ज्यांच्या घरात असं एखादं मूल आहे, आणि बऱ्याच घरांत आहे, त्यांनी या. बोलायचं नसेल तर नुसते येऊन बसा. आणि ग्रुपवर ज्याने 'तिथे कोणी नाहीये' लिहिलंय त्यानेही जरूर यावं, फक्त त्याआधी एकदा स्वतःच्या आजीला विचारून यावं.