तीन-तीनचे ग्रुप "सगळ्यात फेअर"? अजिबात नाही

टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धावाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: 12 टीम असतील तर तीन-तीनचे चार ग्रुप करा, पॉइंट सारखे झाले की फक्त नेट रनरेट (दर ओव्हरला केलेल्या आणि दिलेल्या रनांमधला फरक) बघा, मॅचेसच्या क्रमाने काही फरक पडत नाही, हाच सगळ्यात फेअर फॉरमॅट. इतके दिवस सोडून दिलं, पण आता माझ्या भाच्याच्या स्पर्धेच्या कमिटीने तोच मेसेज जसाच्या तसा नियम म्हणून लावलाय, म्हणून लिहितोय.

अहो, तीनच्या ग्रुपमध्ये शेवटच्या मॅचला एक टीम बाहेर बसलेली असते आणि तिच्या हातात काहीच नसतं! समजा ग्रुपमधल्या दोन टीम पुढे जातात, अ ने ब ला 20 रनांनी हरवलं, ब ने क ला 3 रनांनी. आता शेवटची अ विरुद्ध क. सगळ्यांनी पूर्ण ओव्हर खेळल्या आणि क 5 रनांनी जिंकली, तर तिघांचा एकेक विजय, रनरेटवर अ आणि क दोघंही पुढे, ब घरी. हा हिशोब दोन्ही कॅप्टनना टॉसच्या आधीच माहीत असतो.

असं खरंच होतं. 1982 च्या फुटबॉल वर्ल्डकपला पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध सुरुवातीलाच गोल केला आणि मग दोघंही नुसता बॉल फिरवत राहिले, कारण 1-0 वर दोघंही पुढे जात होते आणि आदल्या दिवशी खेळून मोकळा झालेला अल्जेरिया बाहेर. 1986 पासून ग्रुपच्या शेवटच्या मॅचेस एकाच वेळी होतात. तीनच्या ग्रुपला तो उपायही नाही. फिफाने 2026 साठी तीन-तीनचे 16 ग्रुप ठरवले होते, मार्च 2023 मध्ये ते बदलून चार-चारचे 12 केले, आणि संगनमताचा धोका हे कारण स्वतःच दिलं. क्रमाने फरक पडत नाही म्हणणाऱ्यांना हेच उत्तर.

रनरेट ठेवा, पण दोनच टीम बरोबरीत असतील तर आधी आपसातली मॅच बघा. आणि रनरेट काढताना ऑलआऊट टीमच्या पूर्ण ओव्हर धरायच्या असतात हे स्कोअररला आधीच सांगा.

मॅचेस कमी होतात हे मात्र खरं, ग्राउंड काय रोज मिळत नाही. पण कमी म्हणजे किती? तीनच्या ग्रुपने क्वार्टरपासून फायनलपर्यंत धरून 19. चार-चारचे तीन ग्रुप, त्यातले तीन विजेते आणि एक बेस्ट रनरअप सेमीला, तर 21. फक्त दोन मॅच जास्त, आणि फी भरून, सुट्ट्या टाकून येणाऱ्या प्रत्येक टीमला दोनऐवजी किमान तीन मॅचेस. शेवटच्या राऊंडपुरत्या ग्राउंडवर दोन पिच आखा आणि प्रत्येक ग्रुपच्या दोन्ही मॅचेस एकदम चालू करा.