फ्लोराइड थांबलं म्हणून जर्मनांचे दात सुधारले? साफ खोटं

माझ्या मावशीने घरातली टूथपेस्ट कचऱ्यात टाकली आणि सहा वर्षांच्या नातवाला कोळशाची पूड घासायला दिली. कारण काय, तर एक फॉरवर्ड. त्यात म्हटलंय: पूर्व जर्मनीचं कम्युनिस्ट सरकार नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायचं, बर्लिनची भिंत पडली, फ्लोराइड बंद झालं, दातांची कीड कमी झाली, तिथल्या म्हाताऱ्यांचे बत्तीसही दात आजही शाबूत आहेत, फ्लोराइड हे विष आहे, पेस्ट आजच फेका.

पहिली गोष्ट अर्धी खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. पूर्व जर्मनीतल्या कार्ल-मार्क्स-स्टाट (आताचं केमनिट्स) या शहरात १९५९ पासून पाण्यात फ्लोराइड होतं. १९९० मध्ये ते थांबलं आणि मुलांच्या दातांची कीड खरंच आणखी कमी झाली. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पुढचं गिळून टाकलंय. त्याच शहरात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाही फ्लोराइड जवळपास दोन वर्षं बंद पडलं होतं, आणि तेव्हा कीड वाढली होती! मग नव्वदनंतर वेगळं काय झालं? फ्लोराइडची टूथपेस्ट सर्रास वापरात आली, १९९१ पासून फ्लोराइडचं मीठ बाजारात आलं, मुलांच्या दाढांच्या खाचा बुजवून घ्यायचं प्रमाण वाढलं. पाण्यातलं फ्लोराइड गेलं ते पेस्टमधून आणि मिठातून परत आलं. आणि तीच पेस्ट फेकायला सांगताय? वर कोळसा! त्याने दातावरचं कवच खरवडलं जातं आणि ते पुन्हा कधीच येत नाही.

बत्तीस दातांचं तर बोलायलाच नको. जर्मन दंतवैद्यांच्या संस्थेने १९८९ मध्ये पश्चिमेत, १९९२ मध्ये पूर्वेत आणि १९९७ मध्ये एकत्रित देशात लोकांचे दात मोजले. १९९७ मध्ये ६५ ते ७४ वयाच्या जवळजवळ एक चतुर्थांश जर्मनांच्या तोंडात एकही दात नव्हता. २०१४ मध्ये हे प्रमाण १२.४ टक्क्यांवर आलं. पस्तिशी-चाळिशीतल्यांचं चित्र आणखी बोलकं आहे. किडलेले, काढलेले आणि भरलेले दात एकत्र मोजले तर १९९७ मध्ये पूर्व काय नि पश्चिम काय, माणशी साधारण १६ दात खराब. पण पश्चिमेत त्यांत भरलेले जास्त होते, पूर्वेत काढलेले जास्त. बेरीज सारखी, पण एकाचा दात चांदी भरून का होईना जागेवर आहे आणि दुसऱ्याच्या तिथे नुसती हिरडी. पूर्वेत उपचार फुकट होते, शाळेत दात तपासले जायचे, हे चांगलंच होतं. तरी त्या पिढीचे दात वाचले नाहीत.

राहिलं विष. जास्त फ्लोराइड वाईटच. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात तपकिरी होतात, हाडं वाकतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. तो रोज पोटात जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न आहे, घासून थुंकायच्या वाटाण्याएवढ्या पेस्टचा नाही. त्या गावांना चांगलं पाणी द्या, असा मेसेज फिरवा. मी स्वतः तो सगळ्या ग्रुपवर टाकेन.