चोराला खडू लागत नाही हो

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायला लागलाय, 'चोराच्या डोक्यानं विचार करा, घर वाचवा'. सल्ला बरोबर आहे, पण लिहिणाऱ्यानं बहुतेक पिक्चर बघून लिहिलंय.

पहिलं म्हणे, दारावर खडूची खूण दिसली की समजा रेकी झाली. अहो पल्स पोलिओवाल्या ताई घरोघरी पी नाहीतर एक्स लिहून जातात, ते बघून घाबरणार का? चोराला गेटात पडलेले चार दिवसांचे पेपर, वाळलेली तुळस, दारात रांगोळी नाही एवढं दिसलं तरी बास. आणि असल्या मेसेजनं काय होतं माहितीये का, अनोळखी माणूस दिसला की लोकं काठ्या काढतात. २०२२ ला आपल्याच जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना पोरं पळवणारे समजून बदडलं, चौकशीत ते खरेच साधू निघाले.

दुसरं, चोर रात्री दोन ते चारलाच येतो. मग दुपारी फुटतात ती घरं कोण फोडतंय? नवरा-बायको कामाला, पोरं शाळेत, जिन्यात चिटपाखरू नाही, त्याला अजून काय पाहिजे. अमेरिकेत २०१२ च्या एका अभ्यासात घरफोडीच्या ४२२ कैद्यांना विचारलं तर साधारण ६० टक्के म्हणाले, अलार्म दिसला की आम्ही दुसरं घर बघतो. म्हणजे त्याला झंझट नको, सोपं घर पाहिजे. आणि आपण उन्हाळ्यात अख्खं घर गच्चीवर झोपतो, खाली कुलूप, वर फॅनचा आवाज, काय ऐकू येणार डोंबल.

तिसरं, मोठ्ठं कुलूप लावा. कुलपाला हात कोण लावतोय? कटावणी घालून कोयंडाच उपटतात, चार बारक्या स्क्रूवर तर असतो तो, म्हणून पेपरात कायम 'कडी-कोयंडा उचकटून' असंच येतं. वर लटकलेलं कुलूप लांबूनच सांगतं की घरात कोण नाही. दारातच बसणारं लॉक घ्या, बाहेरून काय कळत नाही.

दागिने तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणे. हे तुमच्या आजीला माहिती, मग चोराला नसेल? कपाटाची किल्ली गादीखाली असते हे पण त्याला पाठ आहे. बँकेत लॉकर घ्या, विषय संपला.

आणि गावाला जाताना पोर्चचा लाईट चालू ठेवून जाऊ नका, भर उन्हात जळणारा बल्ब बघून चोर काय समजायचं ते समजतो. शेजारच्या काकूंना सांगा, संध्याकाळी लावतील, सकाळी बंद करतील आणि पेपर पण उचलतील.