८.४ कुणी हलवला?

काल संध्याकाळी साडेसहाला कन्सल्टंटचं दोन ओळींचं पत्र आलं. 'आपली ॲडव्हान्स वॉर्निंग मिळाली. नोंद घेतली आहे. आभार.'

वॉर्निंग? कसली डोंबलाची वॉर्निंग? वाघोलीपलीकडच्या साइटवर फाउंडेशनच्या खड्ड्यात गळ्याएवढं पाणी, दोन पंप जळालेले, अकरा दिवसांत घमेलंभर काँक्रीट पडलेलं नाही. वेधशाळेचे पावसाचे आकडे जोडून, सही-शिक्क्यानिशी मुदतवाढीचं पत्र धाडलं, आणि हे म्हणे आभार!

कारण काय, तर पत्रात मी काँट्रॅक्टचा क्लॉज ८.४ लिहिला. अहो, पंधरा वर्षं ८.४ म्हणजे ईओटी, एक्स्टेन्शन ऑफ टाइम, मुदतवाढ! झोपेतून उठवून विचारा. फिडिक म्हणजे बांधकामाचे छापील करार काढणारी सल्लागार इंजिनिअरांची आंतरराष्ट्रीय संघटना; तिच्या २०१७च्या रेड बुकवाल्यांनी तिथे ॲडव्हान्स वॉर्निंग, म्हणजे येऊ घातलेल्या अडचणीची आगाऊ सूचना, आणून बसवली आणि मुदतवाढ ढकलली ८.५ला. त्यात माझ्या पत्रावर 'नोटीस' हा शब्द नाही. नव्या क्लॉज १.३प्रमाणे नोटिशीला नोटीस म्हटलं नाही तर ती नोटीसच नव्हे. आणि नोटीस द्यायच्या २८ दिवसांतला काल सव्विसावा!

पुण्यात हयात गेलेल्या माणसाला नोटीस लिहायला शिकवता? आमच्या जिन्यात 'येथे सायकल लावल्यास हवा सोडली जाईल' एवढंच लिहिलंय. वर नोटीस नाही, खाली क्लॉज नंबर नाही. आजवर एकाची सायकल लावायची हिंमत झालेली नाही.

साहेब म्हणतात, "अरे, फक्त नंबर बदललेत." फक्त! १९वरचा फोर्स मेजर, म्हणजे युद्ध-भूकंपासारखी आवाक्याबाहेरची संकटं, 'एक्सेप्शनल इव्हेंट्स' असं बारसं करून १८वर आणि १८वरचा इन्शुरन्स १९वर, भाडेकरूंनी रातोरात खोल्या बदलाव्यात तसे. डिटर्मिनेशन, म्हणजे क्लेमवरचा निर्णय, ३.५चं ३.७. क्लेमचा तपशील द्यायला ४२ दिवस होते ते ८४ केले, हे बरं केलं, पण मी रागात आहे, कौतुक नंतर. आणि त्या डॅबमध्ये, म्हणजे वाद सोडवणाऱ्या मंडळाच्या नावात, आणखी एक 'ए' घुसवलाय, अवॉइडन्सचा. वाद टाळायचे होते तर ८.४ जागेवर ठेवायचा होतात! वर २०२२ला दुरुस्त्या घालून तेच पुन्हा छापलं, म्हणजे आता 'आपलं २०१७ कुठलं २०१७?' यावर वेगळी मीटिंग.

कुणालाच काही जागेवर ठेवायचं नाहीये. फसवणुकीच्या चारशेवीसचा नव्या न्याय संहितेत ३१८ झाला. आता माणसाला शिवी तरी कुठल्या कलमाखाली द्यायची? सरकारी कामाचा जीएसटी जुलै २०२२मध्ये १२चा १८ झाला, तेव्हा आमचं अर्धं बिल निघायचं होतं. पीडब्ल्यूडीच्या बी-१ या कराराच्या फॉर्मला नावं ठेवण्यात माझी उमेद गेली, पण क्लॉज २ म्हणजे उशिराचा दंड, हे वडिलांच्या काळापासून तसंच आहे. दंड बसायचा तो बसायचाच, पण निदान ओळखीच्या नंबरखाली.

"हे जुनं टेम्प्लेट वापरलं कुणी?" मी मजलाभर ओरडलो. नवीन पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, फाइलवर तुमचंच नाव येतंय." मार्चमध्ये नव्या काँट्रॅक्टवर सगळ्यांना प्रेझेंटेशन देणारा महाभागही मीच. स्लाइड सहा, लाल अक्षरांत: 'सवयीने ८.४ लिहू नका.' समोसे मागवले होते त्या दिवशी. माझं लक्ष चटणीकडे असणार.

रात्री घरी बसून पत्र नव्याने काढलं. डोक्यावर 'नोटीस', ठळक, ३६च्या अक्षरात, खाली रेघ. प्रिंट डायनिंग टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलो, तर आईने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "कुणाला घराबाहेर काढतोयस रे?"