‘बुद्धी जन्मतःच फिक्स’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरालाय. त्याचा सार असा: पोराचा आयक्यू जन्मतःच फिक्स असतोय, घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्लिश असलं की मेंदू गोंधळतोय आणि आयक्यू उतरतोय, गणितात हुशार तो सगळ्यात हुशार, आणि शेवटी बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणाऱ्या सेंटरची जाहिरात. ती जाहिरात आधी वाचा, मग वरचं सगळं कशाला लिहिलंय ते कळतंय.

पहिला मुद्दा, आयक्यू फिक्स. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन या मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धीची टेस्ट बनवली ती शाळेत कुठल्या पोरांना जादा मदत लागेल ते शोधायला, आणि बुद्धी वाढतच नाही या म्हणण्याला बिने यांचा स्वतःचाच विरोध होता. आनुवंशिकतेचा वाटा आहे की, तो नाही म्हणणं पण खोटंच. पण विसाव्या शतकात बऱ्याच देशांत सरासरी स्कोअर दर दहा वर्षांना साधारण ३ पॉइंट वाढत गेला (जेम्स फ्लिन यांच्या नावावरून याला फ्लिन इफेक्ट म्हणतात), एवढ्यात जीन्स थोडेच बदलतात? २०१८ मध्ये सहा लाखांवर लोकांचा डेटा एकत्र करून बघितला तर शिक्षणाच्या एका जादा वर्षाने स्कोअर १ ते ५ पॉइंट वाढलेला दिसला. आणि हो, आयक्यू १०० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे, ती सरासरी आहे, ८५ ते ११५ मध्ये साधारण ६८ टक्के लोक बसतात. ग्रुपवर ‘आमच्या बाळाला फक्त १०५’ म्हणून रडणाऱ्यांसाठी सांगालोय.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि हा आपल्याकडे जास्त लागतोय, कारण इथली पोरं दुकानात कन्नड, आजीशी मराठी आणि टीव्हीवर हिंदी असं एका दिवसात सगळं करतात. शंभरेक वर्षांपूर्वीच्या काही अभ्यासांत दोन भाषावाल्या पोरांचे स्कोअर कमी दिसायचे हे खरंय, पण त्यातली बरीच पोरं गरीब घरातली, नुकती परदेशातून आलेली, आणि टेस्ट त्यांना नीट न येणाऱ्या भाषेत, मग स्कोअर कमी येणार नाही तर काय. १९६२ मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलला घरची परिस्थिती सारखी असलेली दहा वर्षांची पोरं निवडून तुलना केली तर फ्रेंच आणि इंग्लिश दोन्ही येणारी पोरं उलट पुढे निघाली. म्हणून ‘तीन भाषा शिकवा, आयक्यू वाढवा’ असा उलटा फॉरवर्ड पण काढू नका, फायद्याचे ते दावे पुढच्या अभ्यासांत सगळीकडे टिकले नाहीत. पोरगं मधेच कन्नड शब्द घालून मराठी बोललं तर तो गोंधळ नसतोय, मोठी माणसं पण तसंच बोलतात की. टेस्ट कुठल्या भाषेत घेतली यानं मात्र फरक पडतोय आणि ते आपल्या भागाला फार आधीपासून माहीत आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची टेस्ट खास कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बदलून बसवली, त्यावरचा पेपर १९३४ मध्ये आला, तेव्हा बेळगाव-धारवाड मुंबई इलाख्यातच होतं. बिने-कामत टेस्ट म्हणून ती आजही वापरतात.

तिसरं, गणित आलं की डोकं सगळीकडे चालतंय. हे तुम्हीच करून बघा. चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा, वर दिसतंय अ, क, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम आकडा पाहिजे. नियम पाळलाय की नाही बघायला कुठली कार्डं उलटणार? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. उत्तर आहे अ आणि ७, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला, ४ च्या मागे काहीही असू दे. पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये असंच कोडं घातलं, आणि अशा कोरड्या रूपात शिकल्यासवरल्या लोकांतले पण दहातला एखादाच बरोबर येतोय. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात तेच कोडं बिअर पिणारा १९ च्या वरचा पाहिजे या नियमावर घातलं, कार्डांवर बिअर, कोक, २२ आणि १६, आणि तिथं जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी बिअर आणि १६ बरोबर उचललं. लॉजिक दोन्हीकडे सेम! म्हणजे विचार करायची ताकद विषय ओळखीचा आहे की नाही यावर पण अवलंबून असतीय. खडेबाजारात तोंडी हिशोब करून मोड परत देणारा पोरगा एसएसएलसीच्या (दहावीच्या) गणितात अडकला तर त्याला ‘ढ’ म्हणून मोकळं व्हायच्या आधी हे आठवा.

राहिलं ते बोटांचे ठसे. बोटावरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि नंतर बदलत नाहीत एवढं खरं, त्यावरून पोरगं इंजिनिअर होणार की गायक हे सांगता येतंय याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. अभ्यासात खरंच अडचण दिसत असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे न्या, टेस्ट पोराला नीट कळणाऱ्या भाषेत घेणार का ते आधी विचारा, आणि सेंटरला अ‍ॅडव्हान्स भरला असेल तर आजच जाऊन परत मागा.