चित्र पाकिटावर, खर्रा पन्नीत

काल कट्ट्यावर विषय निघाला तो सिनेमाआधी लागणाऱ्या तंबाखूच्या जाहिरातीवरून. सचिन म्हणे सगळा पैसा पाण्यात, जाहिरात बघितलेली पोरंच इंटरव्हलला पानठेल्यावर उभी असतात. मनोज उसळलाच, काहीही बोलू नको बे, महाराष्ट्रात २००९-१० ला मोठ्या माणसांमध्ये तंबाखूवाले ३१.४ टक्के होते, २०१६-१७ ला २६.६ वर आले, हे काय आपोआप झालं का?

आकडा खरा आहे, गॅट्सचा आहे, म्हणजे मोठी माणसं तंबाखू किती वापरतात त्याचा देशभर होणारा सर्व्हे. पण मी म्हटलं श्रेय कोणाला देणार ते सांग. त्याच सात वर्षांत २०१२ ला राज्यात गुटखाबंदी आली, टॅक्स वाढला, थेटरात जाहिराती सुरू झाल्या. आणि पाकिटावरचं ते ८५ टक्के जागा व्यापणारं चित्र आलं एप्रिल २०१६ ला, म्हणजे दुसरा सर्व्हे सुरू व्हायच्या जेमतेम काही महिने आधी, मग ती घट चित्रामुळे झाली असं कसं म्हणायचं? त्याच सर्व्हेत देशभरातल्या सिगारेटवाल्यांपैकी ६२ टक्के म्हणाले की चित्र बघून सोडायचा विचार आला. विचार आला! सोडली किती जणांनी हा प्रश्न वेगळा आहे ना, आणि कॅम्पेनच्या रिपोर्टमध्ये नेमका विचार आल्याचाच आकडा मोठ्या अक्षरात छापतात याचा मला खरंच राग येतो.

तेवढ्यात विक्याने समोरच्या ठेल्याकडे बोट दाखवलं. तो माणूस सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर टाकून खर्रा घोटत होता, मग त्याच पन्नीची पुडी बांधून दिली. विक्या म्हणे, याच्यावर कुठंय चित्र? आम्ही सगळे गप्प. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं खरी सवय खर्र्याची, घरातल्या आज्या-काकूंना मिश्रीची, आणि सिगारेट घेतली तरी सुट्टी घ्यायची (सुट्टी विकायला २०२० मध्ये बंदी आली तरी). पाकीट हातात येतच नाही तर पाकिटावरचा संदेश कोणाला पोचणार?

मनोज म्हणे मग गडचिरोलीचं मुक्तिपथ बघ, ते दारू-तंबाखू कमी करायचं अभियान. ते मला मान्य आहे, कारण डॉ. अभय बंगांच्या सर्च संस्थेने तिथं आधी सॅम्पल सर्व्हे केला, लोक किती खातात, जिल्ह्याचा त्यावर किती पैसा जातो, आणि मग २०१६ ला गावोगावी काम सुरू केलं. सुरुवातीचा आकडा हातात असला की नंतर काही बोलता तरी येतं. नाहीतर आपल्याकडच्या शाळांतले कार्यक्रम, बॅनर, शपथ, फोटो, उपस्थिती अमुक, संपलं.

सचिन थोडा नरमला, म्हणे करायचं काय मग? मी म्हटलं तालुक्यातल्या अर्ध्या शाळा चिठ्ठ्या टाकून निवडा, तिथं या वर्षी कार्यक्रम घ्या, उरलेल्या शाळांत पुढच्या वर्षी. आधी आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे नाव न लिहिता एकच प्रश्न विचारा, गेल्या महिन्यात खर्रा खाल्ला का? फरक दिसला तर कार्यक्रमाचा, दोन्हीकडे सारखाच कमी झाला तर कारण दुसरं काहीतरी.

पोरं खरं सांगतील का, सचिनचा प्रश्न. हा मुद्दा बरोबर आहे, शपथ घेतलेलं पोरगं कागदावर नाहीच लिहिणार. लाळेची टेस्ट असते पण तिला पैसा लागतो. विक्या म्हणे शाळेजवळच्या ठेल्यावर दिवसाला किती सुपारी कातरली जाते ते बघा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ठेलाच असायला नको हा कायदा, मनोज म्हणाला, आधी ते ठेले मोजू.