खरी गोम लोअर रिसीव्हरमध्ये आहे
एआर-१५ या अर्ध-स्वयंचलित रायफलीवरच्या लेखात तिच्या लोकप्रियतेचं कारण लेखकाने फक्त लष्करी आकर्षणात शोधलंय, ते पटलं नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार या रायफलीचा लोअर रिसीव्हर, म्हणजे ट्रिगरची यंत्रणा बसते तो खालचा सांगाडा, हीच बंदूक. अनुक्रमांक त्यावरच असतो. नळी, दस्ता, दुर्बीण हे नुसते सुटे भाग, बहुतेक राज्यांत घरपोच मिळतात. त्यात १९७७ मध्ये कोल्ट या बंदूक कंपनीचं पेटंट संपलं आणि एकमेकांना जुळणारे भाग अनेक कंपन्या बनवू लागल्या. इथे टेक्ससमध्ये आमच्या शेजाऱ्यांनी रानडुकरांसाठी आपल्या रायफलीचा जवळजवळ प्रत्येक भाग बदललाय, लष्कराशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

आणि अशा रायफलींवरची अमेरिकेतली १९९४ ची बंदी? तिचा भर संगीन अडकवायची सोय, फ्लॅश सप्रेसर (गोळी सुटतानाची ज्वाळा कमी दिसावी म्हणून नळीच्या टोकाला लावतात तो भाग) अशा बाह्य गोष्टींवर होता. कंपन्यांनी त्या काढल्या आणि जवळपास तीच रायफल विकली. याबद्दल लेखात एक ओळही नसावी, हे फार खटकलं.